दोन सीटची लाल गाडी आणि मामांचं उलटं बोलणं

घड्याळजीने मागच्या वर्षी धावायचं एक जुनं मशीन विकत आणलं. त्याचा पट्टा उलटा, पुढच्या बाजूला पळायचा. त्याआधी आणलेल्या जुन्या फ्रिजमध्ये दूध कोमट होत असे. त्यामुळे या वेळी बायकोने आधीच सांगून टाकलं, "गाडी बघायची तर बघ. पण आता फसलास, तर यापुढे तुझी सगळी खरेदी माझे मामा करतील. बनियन-चड्डीसकट."

माणसाला आयुष्यात काही गोष्टी स्वतः निवडाव्याशा वाटतात. घड्याळजीच्या बाबतीत ती यादी आता फार छोटी उरली होती.

मामा बसडेपोच्या भांडारातून निवृत्त झालेले. जुन्या मालात त्यांना गती आहे असं सगळे म्हणत, सगळ्यांत जास्त ते स्वतः. सकाळी चहा पिताना त्यांनी युक्ती काढली. "जावईबापू, विकणाऱ्यासमोर खरं बोलायचं नाही. गाडी भावाला योग्य असेल तर मी नावं ठेवीन. नसेल तर तोंड भरून कौतुक करीन. तेवढं ध्यानात ठेवा."

घड्याळजीने ते ध्यानात ठेवलं, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

गाडी एका भूलतज्ज्ञ बाईंची होती. लाल, दोन सीटची, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. किंमत सहा लाख. "का विकताय?" असं विचारल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बसता येतं हो मला. उठायला शेजारचे दोघे लागतात. आता ते दोघेही साठीला आलेत."

गॅरेजचं शटर वर गेलं आणि मामांच्या तोंडून निघालं, "वा! काय देखणी आहे!"

म्हणजे वाईट. घड्याळजीचा चेहरा पडला.

मग मामा गुडघ्यावर बसले. "टायर टकले झालेत की हो."

म्हणजे चांगलं. पण घड्याळजीने स्वतः वाकून पाहिलं, तर टायर खरोखरच टकले होते.

"मामा, टायर टकले आहेत," तो हळूच म्हणाला.

"तेच तर म्हणतोय!"

"उलट म्हणताय की..."

"श्श!" मामा डोळे वटारून म्हणाले आणि मोठ्याने ओरडले, "सीट मात्र अप्रतिम!" सीटवर भलीमोठी चीर होती. गाडी भंगारात जायच्या लायकीची आहे की सोन्याच्या मोलाची, हे घड्याळजीला काही कळेना.

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "खरं सांगू? सहा लाखांची नाहीच ही गाडी."

घड्याळजी दचकला. या बाईंनीही कुणाबरोबर काही ठरवलंय की काय? "म्हणजे कमीची की जास्तीची?"

"ते तुम्ही ठरवायचं. घेणारे तुम्ही."

शेवटी त्याने त्याला जे येत होतं ते केलं. गाडी चालू करायला लावली, डोळे मिटले आणि बॉनेटला कान लावला. दुकानात रोज चाळीस घड्याळं ऐकणारा कान तो. चार मिनिटं तो तसाच ऐकत राहिला. इंजिन एका लयीत होतं. फक्त डावीकडे बारीकशी टकटक, गरम झाल्यावर तीही विरली. त्या टकटकीचं काम साधारण चाळीस हजारांचं. टायर साठ हजारांचे. सीटची चीर शिवता येईल.

"पाच लाख," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला स्वतःचं म्हणणं पटलं होतं.

"बरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

इतक्या लगेच? मग चारलाही मिळाली असती का? पटलेलं म्हणणं जेमतेम दोन सेकंद टिकलं.

त्याच गाडीतून घरी जाताना त्याने विचारलं, "मामा, आता आपण दोघेच आहोत. भाव कसा वाटला?"

"फार महाग पडली."

"हे खरं बोलताय ना?"

"अगदी खरं."

उलट बोलणारा माणूसही नेमकं हेच म्हणेल, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने सिग्नलला उगाचच ब्रेक मारला. सिग्नल हिरवा होता.

दारात बायको उभीच होती. "मामा, फसला का हा?"

"पार फसला."

"उलट सांगताय की सुलट?"

मामांनी कपाळ चोळलं. गाडीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं. "खरं सांगायचं तर मलाच आता कळत नाहीये गं. सकाळपासून तोंडाला तीच सवय लागलीये."

बायको गाडीत जाऊन बसली. स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ समोर पाहत राहिली. चेहऱ्यावरून काही समजत नव्हतं. मग तिने हात पुढे केला. दोघांनी मिळून तिला ओढून बाहेर काढलं.

"फसलास की नाही ते मलाही कळत नाही," ती म्हणाली. "म्हणून निम्मं-निम्मं. बनियन तू आण. चड्ड्या मामा आणतील."

घड्याळजीला हा न्याय वाटला की अन्याय, हे त्याचं त्यालाच ठरवता येईना. मामांनी मात्र लगेच खिशातून वही काढली.

"माप बोला, जावईबापू."

"नव्वद."

मामांनी नव्वद लिहिलं, चष्म्यावरून त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि हळूच विचारलं, "म्हणजे नेमकं किती?"