काळ्या अस्तराचं झाकण

आप्पांनी चहाच्याही आधी बॅग भरायला घेतली. कपडे मोजकेच, उभा जन्म लोकांचे शिवण्यात गेला, स्वतःचे शिवायचे राहूनच गेले. बायको गेल्यापासून ते धाकट्या मुलाकडे राहत होते आणि इथे त्यांचा जीव रमला होता. पण पातेलं जाळून झालं, नळ उघडा ठेवून शेजाऱ्यांचं छत गळवून झालं. कोणी चकार शब्द काढला नव्हता. आप्पांनीच मनाशी ठरवलं होतं, की आणखी एक घोळ झाला तर थोरल्याकडे जायचं. थोरल्याकडे सगळं चकचकीत, आणि बोलायला फक्त भिंती.

तो घोळ काल रात्री झाला.

सून औषधांच्या दुकानात काम करायची आणि आकाश मोकळं असलं की गच्चीवरून तेजोमेघांचे फोटो काढायची. कॅमेरा जुना, लेन्स त्याहून जुनी, स्टँड हलू नये म्हणून त्याला विटांची पिशवी बांधलेली. नवीन काय तो फिल्टर. तेजोमेघातला हायड्रोजनचा तांबडा उजेड तेवढा तो आत घ्यायचा आणि रस्त्यावरच्या दिव्यांना दाराबाहेर ठेवायचा. कॅमेरा रात्रभर आपला आपण, आवाज न करता फोटो घेत राही, सून खाली झोपे. लेन्सचं झाकण हरवलं तेव्हा आप्पांनीच काळ्या अस्तराचं दुहेरी झाकण शिवून दिलं होतं.

काल ते पाणी प्यायला उठले, सहज गच्चीवर गेले, तर दव पडत होतं आणि लेन्स उघडी. कॅमेऱ्याचा आवाज नव्हता. काम संपलं आणि पोर दमून विसरली, असं त्यांना वाटलं. त्यांनी झाकण चढवलं, नाडी आवळली आणि समाधानाने झोपले.

सकाळी लॅपटॉपवर फोटोमागून फोटो काळेकुट्ट. त्यात ही शेवटची रात्र. ती टिपत होती तो तेजोमेघ आजपासून समोरच्या इमारतीआड जाणार, तो पुढच्या वर्षीच दिसणार. "मीच झाकलं," एवढं सांगून आप्पा खोलीत गेले. थोरल्याला फोनही करून झाला. रडू तेवढं यायचं बाकी होतं.

बॅगेची चेन अडकली. ते ती ओढत असताना सून लॅपटॉप घेऊन दारात उभी राहिली.

"आप्पा, हे बघा."

"काय बघू? काळं आहे."

"नीट बघा. ठिपके दिसतात?"

दिसत होते. लाल, अंगावर पुरळ उठावं तसे.

"रात्रभर चालून आतून तापला की कॅमेरा हे मनानेच काढतो. माझ्या सगळ्या फोटोंत हीच घाण आहे. ती घालवायची तर बाहेर तेवढाच गारवा असताना लेन्स झाकून फोटो घ्यायचे आणि त्यातले ठिपके खऱ्या फोटोंतून वजा करायचे. पण चांगलं आकाश असताना झाकण लावायला माझा हात होत नाही. दरवेळी टाळते."

तिने बटण दाबलं. आधीच्या रात्रींच्या फोटोवरचं पुरळ गेलं आणि तांबडा मेघ वर आला, काठाला विरलेल्या मलमलीसारखा. आप्पा बघतच राहिले.

"शिवण इतकी घट्ट, की उजेडाचा टिपूस आत गेला नाही."

"उगाच माझी समजूत घालू नकोस."

"समजूत घालायला वेळ कुठे आहे? दुकान उघडायचंय. सकाळी राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण पुढच्या वेळी पहाटे झाकण लावायला कोणीतरी लागेल. मला जाग येत नाही. तुमच्या मुलाच्या तर उशाशी ढोल बडवला तरी येत नाही. तुम्ही तसेही उठताच."

आप्पांनी चष्मा पुसला, फोन उचलला आणि थोरल्याचा नंबर लावला.

"अरे, येत नाही मी," ते म्हणाले. "मला इथे रात्रपाळी लागलीय."