भांडणाची परवानगी

स्वेतोझारच्या पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली आहे, दाब वाढला तर फुटेल, असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवसापासून राडोइकाने नवऱ्याशी भांडणं सोडलं. मग स्वेतोझारने तिच्या बापाची आलुबुखाराची दारू गाळायची तांब्याची भट्टी परस्पर शेजाऱ्याला देऊन टाकली, तरी बाई चकार शब्द बोलली नाही. तेव्हा मात्र त्याचं धाबं दणाणलं. आता आपलं काही खरं नाही!

त्याच्या मांडीतून जाळीची नळी त्या रक्तवाहिनीत सरकवून आज महिना झाला होता. नोव्ही सादच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर चित्र दाखवलं. "फुगा आहे तिथेच आहे. पण रक्त आता नळीतून जातंय, फुग्यावर दाब येत नाही. गळतीही कुठे नाही."

राडोइकाने विचारलं, "म्हणजे ह्याचा पारा जरा चढला तर?"

"जरासा चालेल. गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत."

राडोइकाने पर्स खुर्चीवर आपटली. "काय रे मेल्या, ती भट्टी काय तुझ्या बापाची होती?"

स्वेतोझारने डोळे पुसले. "ऐकलंत ना, डॉक्टरीणबाई? मी बरा झालो."