खळीच्या पातेल्यावरचे कौल

मित्रांनो, पातेल्यावरचे झाकण तुमच्याशी बोलू लागले तर तुम्ही हसाल. खुशाल हसा. आज मी एका लाँड्रीत खळीचे पातेले झाकून बसते हे खरे, पण जन्माने मी छपरावरचे कौल आहे. माझा एक कोपरा उडालेला आहे आणि पाठीवर शेवाळाचे जुने डाग आहेत. रंग मात्र अजून लाल आहे, कारण तो वरून लावलेला नाही, आतला आहे. एवढा तोरा मी मिरवणारच.

नदीकाठच्या चिकणमातीतून मी आले. मला तुडवले, मळले, साच्यात दाबले, सावलीत सुकवले आणि मग भट्टीत घातले. आत काय सोसले ते सांगत बसत नाही. भाजून निघालेल्या प्रत्येकाला ते ठाऊक असते. बाहेर काढल्यावर कारखान्यातला कारागीर एकेक कौल बोटाने वाजवून बघे. कच्चे कौल बद्द वाजते, ते तो बाजूला टाकी. मी खणखणीत वाजले आणि गाडीत चढले.

गाडी थांबली ती समुद्राजवळच्या एका गल्लीत. समुद्र तिथून दिसत नसे, पण घरातल्या सगळ्या वस्तूंना त्याची चांगलीच ओळख होती. बरणीतल्या मिठाला पाणी सुटे. कुलपे किल्लीचे ऐकत नसत. काडेपेटीवर काडी ओढली की ती पेटण्याऐवजी वाकत असे. अशा हवेत कपडे धुऊन, वाळवून, कडक इस्त्री करून द्यायचा धंदा एका बाईंनी मांडला होता. सारी गल्ली त्यांना मावशी म्हणे.

त्यांच्या छपरावर आम्ही कौले खांद्याला खांदा लावून बसलो. खाली मोठ्या हंड्यात कपडे उकळत आणि त्यांची वाफ आमच्या फटींतून अलगद बाहेर पडे. गल्लीत नवा आलेला माणूस छपरातून धूर निघतोय असे समजून हमखास घाबरे. मावशी आत शांतपणे इस्त्री फिरवत असत. जवळच्या प्रसूतिगृहाचे कपडे त्यांच्याकडे येत. त्यात नुकत्याच जन्मलेल्या बाळांची पांढरी दुपटी असत, आणि त्यांना मावशी दुसऱ्या कुणालाही हात लावू देत नसत. कधीकधी त्या वर बघत आणि म्हणत, "वर ही कौलं आहेत तोवर मला काळजी नाही." त्या दिवशी आम्ही सगळी जरा जास्तच लाल दिसत असू.

पण कौतुकाने पोट भरत नाही आणि छप्परही टिकत नाही. आम्हाला वर्षातून एकदा कुणीतरी हात लावावा लागतो. पाने काढायची, सरकलेली कौले जागी बसवायची, फुटलेली बदलायची. याला शाकारणी म्हणतात. पुढे मावशींचे काम वाढले आणि शाकारणी आज करू, उद्या करू म्हणत राहून गेली. वर मांजरे धावत, आमच्यातली दोन-चार फुटत. मग जिथे फुटत तिथे गळे.

मावशींचा धाकटा भाऊ लाँड्रीतच राबायचा. त्याला नव्या वस्तूंची फार हौस.

"ताई, किती दिवस ही कौलं सांभाळत बसणार? मांजर धावलं की फुटतात. पत्रे घालू. एकदा ठोकले की बघायला नको."

"इथं खिळा टिकत नाही रे. पत्रा कसा टिकेल?"

"त्याला जस्ताचा मुलामा असतो. तू बघच."

मावशी दमलेल्या होत्या. त्या बरे म्हणाल्या.

आम्हाला एकेक करून खाली टाकले. वरचा टाकी आणि खालचा झेली. माझी पाळी आली आणि नेमकी तेव्हाच खालच्या माणसाला शिंक आली. माझा कोपरा उडाला, आणि त्याहून वाईट म्हणजे पाठीमागची खुंटी मोडली. छपराच्या लाकडी रिपेला कौल त्या खुंटीने अडकून राहते. खुंटी गेली की कौल घसरते, म्हणजे छपरापुरते ते संपलेच. बाकीची मागच्या भिंतीशी रचली गेली. मला मावशींनी आत नेले आणि खळीच्या पातेल्यावर ठेवले. मला फार अपमान वाटला, खोटे कशाला बोलू? कुठे आभाळ आणि कुठे ती खळ.

पत्रे चढले. ते असे चमकत की समोरच्या घरातल्यांनी खिडकीला पडदा लावला. सुरुवातीचे दिवस छान गेले. मग एका सकाळी इस्त्रीच्या टेबलावर थेंब पडला. पिवळसर, गंजाचा. नंतर रोज पडू लागले. भाऊ डांबराचा डबा घेऊन वर चढला आणि खिळ्यांची भोके बुजवून आला. थेंब थांबले नाहीत. मग त्याने पत्र्यांचे जोड बुजवले. मग भिंत आणि पत्रा यांच्यामधली फटही सिमेंटने बंद केली. जितके बुजवावे तितके थेंब जास्त. गल्लीतली मुले त्याला डांबरमामा म्हणू लागली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो सगळा प्रकार होता, पण हे तेव्हा कुणालाच कळले नाही, अगदी मलाही.

एक दिवस प्रसूतिगृहातल्या मोठ्या नर्सबाई स्वतः आल्या. त्यांच्या हातात एक दुपटे होते. त्यावर बोटाएवढा तांबूस डाग होता.

"मावशी, यात गुंडाळून बाळ आईच्या हातात दिलं. तिला वाटलं हे रक्तच आहे. ती बिचारी किंचाळली. बाळ ठीक आहे हे तिला पटवताना आमची पुरेवाट झाली."

मावशींनी दुपटे हातात घेतले आणि डाग उजेडाकडे धरला.

"मी तुम्हाला किती वर्षं ओळखते," नर्सबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण पुढच्या गठ्ठ्यात एक जरी डाग निघाला, तर मला काम दुसरीकडे द्यावं लागेल. माझा नाइलाज आहे."

त्या गेल्यावर मावशींनी त्या डागाला लिंबू आणि मीठ लावले आणि चोळत बसल्या. डाग निघाला तरी चोळतच होत्या. काम गेले तर लाँड्री चालणार नव्हती. पण त्यांना खरे लागले होते ते त्या आईचे किंचाळणे. मला तर वाटले, मी वर असते तर हे झालेच नसते. मग आठवले की मी वर होते तेव्हाही गळत होतेच. 

दुसऱ्या सकाळी आभाळ स्वच्छ होते, ढगाचा पत्ता नव्हता. मावशी इस्त्री करत होत्या आणि त्यांच्या मनगटावर टपकन थेंब पडला. त्यांनी भावाला वर चढवले.

"ताई, वर तर कोरडं ठणठणीत आहे."

"मग हे पाणी कुठलं?"

दोघेही बुचकळ्यात पडले. मावशी चुलीकडे वळल्या. तिथे दोन पातेली शेजारी शेजारी उकळत होती. निळीच्या पाण्यावर पत्र्याचे ताट झाकलेले होते आणि खळीवर मी. त्यांनी ताट उचलले. त्याच्या पोटाला थेंबांची रांग लागली होती, ती भरभर खाली ओघळली. मग त्यांनी मला उचलले आणि माझ्या पोटावरून तळवा फिरवला. तळवा ओलसर झाला, पण थेंब एकही पडला नाही. माझी सवयच तशी आहे, मी वाफ पिते आणि सावकाश बाहेर सोडते. त्या कधी मला बघत, कधी त्या ताटाला.

"अरे, हे वरून गळत नाही," त्या म्हणाल्या. "हे आपलंच पाणी आहे. आपली वाफ वर जाते, गार पत्र्याला लागते आणि खाली येते."

डांबरमामा शिडीवरच बसला. "म्हणजे मी भोकं बुजवत गेलो..."

"आणि वाफेला दार उरलं नाही."

तो इतका ओशाळला की मावशींनाच हसू आले. बऱ्याच दिवसांनी त्या हसल्या होत्या.

पण एकदा पोळलेल्या मावशी आता ताकही फुंकून पीत होत्या. थेट कौलेच घाला, असे त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी शाकारणीवाल्या काकांना बोलावले आणि छपरासाठी मिळेल त्या मालाचा तुकडा आणायला सांगितले. "जो माझ्या हंड्यावर टिकेल, तो माझ्या डोक्यावर चढेल," त्या म्हणाल्या. मग रोज एक तुकडा हंड्यावर. रंगीत पत्रा दिसायला राजबिंडा, पण त्यालाही घाम फुटला. प्लॅस्टिकचा तुकडा तर वाकून हंड्यातच डोकावू लागला. सिमेंटचा पत्रा दोन दिवस शहाण्यासारखा वागला, मग त्याच्यावर काळी बुरशी आली. मामाने स्लॅबचे नाव काढले. तो काही हंड्यावर ठेवता येईना, म्हणून काकांनी त्याला गल्लीच्या टोकाची इमारत दाखवली. खाऱ्या हवेने तिच्या आतल्या सळया फुगल्या होत्या आणि छताचे पोपडे सुटत होते. शेवटी मागच्या भिंतीशी रचलेल्यांतले एक कौल ठेवले. ते वाफ पीत गुमान बसून राहिले.

"पण मांजरांचं काय?" मामाने विचारले.

"मांजरं धावणार, कौलं फुटणार," काका म्हणाले. "वर्षातून एकदा मला हाक मारा, मी येईन. न बघता टिकेल असं छप्पर कुणी अजून केलेलं नाही."

माझी भावंडे पुन्हा वर चढली. जी फुटली होती त्यांच्या जागी नवी आली. पत्र्याला मी नावे ठेवत नाही. तो आता लाकडे ठेवायच्या खोलीवर आहे. तिथे वाफ नाही, तेव्हा तोही मजेत आहे आणि लाकडेही कोरडी आहेत.

नर्सबाईंनी धुऊन तयार असलेला पुढचा गठ्ठा लाँड्रीच्या दारातच उघडला. एकेक दुपटे उजेडाकडे धरून पाहिले. मावशी इस्त्री हातात धरून उभ्या होत्या, आणि ती गार होत चालली होती. शेवटचे दुपटे घडी करून ठेवत नर्सबाई म्हणाल्या, "सोमवारी पुढचे कपडे पाठवते." एवढेच बोलल्या आणि गेल्या. मावशींनी इस्त्री खाली ठेवली आणि त्या स्टुलावर बसल्या.

मामा मात्र मला घेऊन, शेवटची कौले नीट बसवायला आलेल्या काकांच्या शिडीपाशी गेला. "काका, हेही लावा. यानंच तर सगळं दाखवलं."

काकांनी मला उलटे करून पाहिले. "याची खुंटी गेली आहे. घसरून कुणाच्या डोक्यात पडेल."

मामाचा चेहरा पडला. माझेही तेच झाले असते, पण मला चेहरा नाही. तेवढ्यात मावशी उठून आल्या आणि त्यांनी मला त्याच्या हातातून घेतले.

"राहू दे याला माझ्याजवळ. छप्पर घालताना आपण नुसतं आभाळाकडे बघितलं. हे खाली होतं, म्हणून चुलीकडे बघायची बुद्धी झाली."

तेव्हापासून मला झाकण असल्याचे दुःख नाही. मित्रांनो, तुमच्या डोक्यावर जे काही असेल, कौल, पत्रा, स्लॅब, त्याच्याकडे अधूनमधून मान वर करून बघत जा. ते गळेपर्यंत थांबू नका. त्याच्याखाली काय शिजते आहे तेही बघा, म्हणजे त्याच्यावर उगाच आळ येणार नाही. मी काही आता कुणावर सावली धरू शकत नाही. पण रोज सकाळी मावशी खळ ढवळायला मला उचलतात, माझ्या पोटावरून तळवा फिरवतात, आणि मग त्याच हाताने बाळाचे दुपटे उचलतात.