बिब्ब्याआधीचं तेल

"बिब्बा कुणी लावला, काका?" दवाखान्यातल्या मोनिका सिस्टरनं पायजमा हलकेच वर सरकवत विचारलं.

"म्याच लावला," कचरू म्हणाला. डाव्या गुडघ्यापासून पोटरीपर्यंत टरारलेले फोड आले होते. बिब्बा चांगलाच उतला होता.

कचरू मुकुंदवाडीकडचा व्हॉल्व्हमन. पाणी आठव्या दिवशी यायचं. त्या दिवशी गुडघे टेकून खड्ड्यात वाकायचं आणि लोखंडी चावीनं व्हॉल्व्ह फिरवायचा, एवढंच काम. पण तेवढा एक दिवस सगळी गल्ली त्याच्याशी बोलायची. "मामा, कवा सुटायचं पाणी?" बाकीचे सात दिवस त्याला कुणी हाक मारत नसे. त्याची बायको साळूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. गुडघा गेला की चावी जाणार आणि चावी गेली की तो आठवा दिवसही जाणार, या धास्तीनं त्याला घेरलं होतं.

म्हणून त्यानं बिब्बा काढला. दर थंडीत साळूबाईच लावायची. सुईला टोचलेला बिब्बा दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की दुखऱ्या जागी ठिपके द्यायचे. बघून बघून त्याला ते तोंडपाठ झालं होतं.

"आधी खोबरेल नाय चोळलं?" सिस्टरनं विचारलं.

"खोबरेल?"

"माझी आजी चोळायची की. तेल नसलं तर कातडं पार भाजून निघतं. तेल लावूनबी कुणाकुणाला उततोच. पुन्हा नका लावू."

साळूबाई तेल चोळायचीच, बिब्ब्याआधी चांगली घटकाभर. चोळता चोळता गल्लीतल्या साऱ्या भानगडी सांगायची. त्याला वाटायचं, औषध तो बिब्बा, तेल म्हणजे नुसते लाड. परवा बाटली समोर कोनाड्यातच होती. आपणच आपले कसले लाड करायचे, म्हणून त्यानं तिला हातही लावला नव्हता.

"पंधरा दिवस गुडघा टेकायचा नाय. फोडांना घरचं कायबी लावायचं नाय. घरी कोण हाय करायला?"

"हायेत की," कचरू म्हणाला.

घरी येऊन त्यानं चावी बन्सीच्या हवाली केली. बन्सी ठेकेदाराचा दुसरा माणूस. दोन दिवसांनी पाणी सुटलं. भांड्यांचा खडखडाट झाला, बायका बन्सीला हाका मारत राहिल्या. कचरूच्या दारावरून हंडे गेले आणि आले. त्याला फार एकटं वाटलं.

त्यानं कोनाड्यातली बाटली काढली. थंडीनं तेल गोठून पांढरं झालं होतं. साळूबाई ठेवायची तशी त्यानं ती उंबऱ्यावर उन्हात ठेवली आणि तेल वितळेपर्यंत शेजारी बसून राहिला. मग थोडं तळहातावर घेतलं आणि उजव्या, न दुखणाऱ्या गुडघ्याला चांगली घटकाभर चोळलं.