शेवटच्याचा हक्क

खेळण्यातल्या गाड्यांच्या नादी लागलेल्या मोठ्या माणसांना जग हसतं, आणि त्यात जगाचं फारसं चुकतं असंही नाही. केस पिकलेली, गुडघे कुरकुरणारी माणसं दर रविवारी फर्निचरच्या एका जुन्या गोदामात जमायची, जमिनीवर गालिचा अंथरायची, अग्निशामक दलाने टाकून दिलेले पाइप वळवून त्यावर वाट आखायची आणि हातभर लांबीच्या गाड्या रिमोटने पळवायची. कुणाची गाडी कुणाला आडवी गेली की अशी भांडायची, जणू वडिलोपार्जित जमिनीचा तंटा चाललाय.

पण त्या गोदामात एक गोष्ट अशी होती, की हसणाऱ्यानेही हसू आवरून पाहावी. ती म्हणजे तिथला मोटरचा नियम, आणि तो नियम सांभाळणारी वहिनी.

तसं पाहिलं तर ती वहिनी एकट्या धाकट्याची. धाकटा म्हणजे घरातलं शेंडेफळ. लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याचा थोरला भाऊ, दादा, फ्रिज दुरुस्त करायचा आणि दादाची बायको पडदे शिवायची. पण गोदामात झाडून सगळे तिला वहिनीच म्हणत. दातांचे डॉक्टरसुद्धा, जे वयाने तिच्या वडिलांच्या जवळ जाणारे होते.

एके काळी या खेळाची पार रया गेली होती. गाडीच्या पोटात दोऱ्याच्या रिळाएवढी मोटर असते, तिच्यावर सगळा वेग. एकाने परदेशातून भारी मोटर मागवली की दुसरा तिच्याहून भारी मागवायचा. त्यात सगळ्यांत पुढे डॉक्टर. त्यांची मोटर शिट्टी मारत जायची आणि बाकीच्यांच्या गाड्या तिच्या मागे वरातीतल्या म्हाताऱ्यांसारख्या. हळूहळू ज्यांचा खिसा हलका ते येईनासे झाले. गालिचा अंथरायलाही माणसं पुरेनात.

तेव्हा वहिनीने तोडगा काढला. दादाने तो सभेत मांडला म्हणून लोक दादाचं नाव घेतात, पण डोकं तिचं. ती म्हणाली, भारी मोटर आणायला बंदी कशाला घालता? बंदी घातली की लोक पळवाटा शोधतात. त्यापेक्षा असं करा, शर्यतीत जो शेवटचा येईल, त्याला हवं असेल तर त्याने आपली मोटर पहिल्याला द्यायची आणि पहिल्याची आपण घ्यायची. आणा मग कितीही भारी.

डॉक्टर हसले होते. पुढच्या रविवारी त्यांनी आपल्या शिट्टीवाल्या मोटरवर शर्यत जिंकली. शेवटचा आला होता एका शाळेचा पहारेकरी. त्याने शांतपणे हात पुढे केला. डॉक्टरांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं, पण मोटर काढून द्यावी लागली. त्यानंतर ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी बंद डब्याची साधी मोटर घेऊन आले, आणि गंमत म्हणजे तिच्यावरही पुष्कळदा जिंकले. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, की हीच साधी मोटर सगळ्यांनी वापरायची. पहारेकऱ्याने ती परदेशी मोटर लाकडाच्या ठोकळ्यावर बसवून दिली. तोच गोदामाचा वार्षिक चषक झाला.

कुणी डबा उघडून आत चलाखी करू नये म्हणून वहिनी प्रत्येक मोटरच्या सांध्यावर आपल्या नेलपॉलिशचा ठिपका लावायची. डबा उघडला की ठिपका तडकणार. एवढ्या स्वस्तात एवढा कडक पहारा जगात कुठे नसेल. रंग दरवर्षी वेगळा. दुकानदाराला वाटायचं, या बाईला नखांची काय हौस! नखं मात्र सदा कोरी.

आणखी दोन रिवाज होते, तेही तिचेच. शेवटच्याला विचारताना बाकीच्यांनी तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, कारण सुरुवातीला लोक बिचाऱ्याला डोळे वटारून गप्प करत. आणि एकदा दिलेल्या मोटरचं पुन्हा नाव काढायचं नाही. दिली म्हणजे दिली. शर्यतीत गेलेली मोटर परत मिळते ती शर्यतीनेच, मागून नाही.

दादाला जाऊन आता वर्ष होत आलं होतं. आजाराने त्याला हळूहळू खाल्लं. तो गेल्यावर धाकट्याने वहिनीच्या शिलाई मशीनच्या खणात त्याची मोटर पाहिली, जांभळ्या ठिपक्याची. "ही मला द्याल, वहिनी? आठवण म्हणून." वहिनीने मान डोलावली आणि पडद्याच्या झालरीत डोकं घातलं. तेव्हापासून ती मोटर धाकट्याच्या हत्यारांच्या पेटीत, फडक्यात गुंडाळून होती. शर्यतीत ती कधी घातली नव्हती. घालायचीही नव्हती.

पण वार्षिक शर्यतीच्या दिवशी सरावातच त्याच्या गाडीतून जळका वास आला. कार्बन झिजून मोटर बसली. दुसरी आणावी तर दुकान रविवारी बंद, आणि ठिपक्याशिवाय चालायचं नाही. पेटीत ठिपका असलेली एकच मोटर होती.

धाकट्याने स्वतःची समजूत घातली. मोटर जाते ती पहिल्याचीच. आपण दुसरे येऊ. डॉक्टर पुढे असतातच, त्यांच्या मागे मागे राहू. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही.

तपासणीच्या टेबलावर वहिनीने चष्मा लावून ठिपका पाहिला. तिचं बोट त्या जांभळ्या रंगावर जरा रेंगाळलं.

"ही घालताय, भावोजी?"

"माझी जळली. काळजी करू नका, मी जिंकत नाही."

"जिंकायचं नाही म्हणून शर्यतीत उतरायचं, हे मी नव्यानेच ऐकतेय," वहिनी म्हणाली आणि मोटर परत दिली.

शर्यत धाकट्याने आखली होती तशीच चालली. डॉक्टर पुढे, तो मागे, त्याच्या मागे नळवाला, म्हणजे गावभरचे नळ दुरुस्त करणारा जाड्या. सगळ्यांच्या शेवटी, पाइपांवर आपटत, प्रत्येक वळणावर "अगं बाई" म्हणत, केकवाली. ती घरी केक करून विकायची आणि नुकतीच या खेळात आली होती. तिने कुणाचीतरी जुनी मोटर घेतली होती, ती चढावर खोकायची.

शेवटच्या फेरीत, दाराजवळच्या वळणावर, डॉक्टरांची गाडी पाइपला लागली आणि उताणी पडली.

समोर वाट मोकळी. रिमोटवरचं बोट जरा सैल केलं असतं तर नळवाला पुढे गेला असता आणि मोटर वाचली असती. पण त्या बोटाला वळण दादाने लावलं होतं. लहानपणी प्रत्येक शर्यतीत तो मागे उभा राहून ओरडायचा, "बोट सोडू नको रे, बोट सोडू नको!" बोटाने धाकट्याचं ऐकलं नाही. ते दादाचंच ऐकत राहिलं. गाडी रेघ ओलांडून गेली. करायला गेला एक आणि झालं भलतंच!

टाळ्या झाल्या, पाठीवर थापा पडल्या. मग गोदाम हळूहळू गप्प झालं, कारण वहिनी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उठली होती. जांभळ्या ठिपक्यावरून जुन्या मंडळींनी दादाची मोटर ओळखली होती. नळवाल्याने खाली पाहिलं. धाकटा वहिनीकडे पाहत राहिला. तिने फक्त म्हणायचा अवकाश होता, की आज राहू द्या. गोदामातल्या एकाही माणसाने हरकत घेतली नसती.

वहिनी केकवालीसमोर जाऊन उभी राहिली. नेहमी विचारायची त्याच आवाजात तिने विचारलं, "तुम्ही शेवटच्या. पहिल्याची मोटर हवी का?"

केकवालीला बिचारीला काय ठाऊक? तिने सगळ्यांकडे पाहिलं. रिवाजाप्रमाणे सगळे गप्प. फक्त डॉक्टरांना अचानक खोकला आला, चांगला मोठा, अर्थपूर्ण.

"डॉक्टर," वहिनी मागे न वळता म्हणाली, "खोकल्याचं औषध घ्या. आणि बाहेर जाऊन खोका."

"हवी की," केकवाली हसून म्हणाली. "माझी फार दमते हो."

वहिनीने धाकट्याच्या गाडीचे स्क्रू स्वतः काढले. मोटर फडक्याने पुसली, केकवालीच्या गाडीत बसवली, तारा जोडल्या, हाताने चाक फिरवून पाहिलं. प्रत्येक वेळी करायची, अगदी तसंच. धाकट्याने त्या क्षणी तिचा राग राग केला. इतका, की चषक घ्यायला पुढे झाला तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही.

गालिचा गुंडाळेपर्यंत कुणीतरी केकवालीच्या कानात सांगितलं असावं. ती धावत आली, डोळे भरलेले. "वहिनी, मला माहीत नव्हतं हो! घ्या ना ही परत."

"का? चालत नाही?"

"चालते, पण..."

"चालते ना? मग पळवा तिला. आज तुमच्याकडून परत घेतली, तर उद्या डॉक्टर परत मागतील, परवा जाड्या मागेल. मग शेवटच्याला काय उरलं? आमची कीव?" मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "चढावर बोट सोडू नका. ती ओढते."

घरी जाताना पेटीची एक कडी धाकट्याच्या हातात, एक वहिनीच्या. दोन गल्ल्या गेल्यावर धाकट्याला राहवलं नाही.

"दादाची होती ती, वहिनी! दुसरं काय होतं माझ्याकडे त्याचं? नियम नियम काय घेऊन बसलात? नियम माणसांसाठी असतात ना?"

"ह्यांची नव्हती ती," वहिनी म्हणाली.

धाकटा थांबला. पेटी मध्येच लोंबकळली.

"डॉक्टरांची होती. ह्यांच्या शेवटच्या रविवारी तुम्ही इस्पितळाच्या बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकला होतात, आठवतं? तेव्हा ह्यांचे हात इतके कापत होते, की गाडी रस्ता सोडून सगळीकडे गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा शेवटचे आले. आणि विचारायचं कुणी? मी."

तिने पेटी खाली ठेवली.

"स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उठले, भावोजी. वाटलं, विचारलं तर ह्यांना लागेल. नाही विचारलं तर त्याहून लागेल. विचारलं. सगळे गप्प. मला वाटलं, नको म्हणतील, एवढे मानी. तर हे असे हसले, असे हसले! म्हणाले, 'हवी तर! काढा डॉक्टर, आज तुमची पाळी.' डॉक्टरांनी काढून दिली. कुणी पाठीवर हात फिरवला नाही, कुणी बिचारा म्हटलं नाही. पुढे अंथरुणावर होते तेव्हा उशाशी बॅटरीला जोडून ती मोटर फिरवायचे आणि म्हणायचे, ऐक, कशी गाते, मी कमावलीय. त्या दिवसांत सगळं त्यांना लोकांनी दिलेलं होतं. पाणी दिलेलं, औषध दिलेलं, कूस बदलून दिलेली. ही एकच गोष्ट हक्काची होती."

"मला सांगितलं का नाही?"

"दिलेल्या मोटरचं नाव काढायचं नाही. आज मोडला मी तो रिवाज, डॉक्टरांना सांगू नका." तिने पदराने नाक पुसलं. "आणि तुम्ही मागितली तेव्हा मला बोलता आलं नसतं."

धाकट्याला डॉक्टरांचा तो खोकला आठवला. आपली मोटर कुठे फिरून आली हे त्या माणसाला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि वर्षभर त्याने ओठ शिवले होते. कसली माणसं घडवली होती या बाईने, नेलपॉलिशच्या एका बाटलीवर! धाकट्याची मान आपोआप खाली गेली. त्याने पेटी एकट्यानेच उचलली, आणि वहिनीने ती उचलू दिली.

पुढच्या रविवारी त्याच्या गाडीत केकवालीची खोकणारी मोटर होती. त्याने तिची साफसफाई केली, तेल दिलं, गाडीचं वजन कमी केलं. पण म्हातारी ती म्हातारीच. शर्यतीच्या मध्यावर मागून एक आवाज आला. भरलेला, एकसारखा, चढावर न तुटणारा. केकवालीची गाडी त्याच्या बाजूने सरकत पुढे गेली. गोदामात वर्षानुवर्षं हे असंच होत आलं होतं. दादा मागून यायचा आणि पुढे निघून जायचा.

"अगं बाई, मी पुढे गेले!" केकवाली ओरडली. धाकटा इतका हसला, की त्याची गाडी पाइपावर चढली.

नळवाला पहिला आला. धाकटा शेवटचा.

वहिनी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उठली, त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. गोदाम गप्प झालं.

"तुम्ही शेवटचे, भावोजी," ती त्याच नेहमीच्या आवाजात म्हणाली. फक्त डोळे जरा जास्त चमकत होते. "पहिल्याची मोटर हवी का?"

धाकट्याने हात पुढे केला.

"हवी तर!" तो मोठ्याने म्हणाला. "काढ रे जाड्या, आज तुझी पाळी."