पाऊण इंच

टेपकाकूंनी टेपचं एक टोक सांगाड्याच्या मानेवर धरलं, दुसरं खांद्यापर्यंत ताणलं आणि सवयीने म्हणाल्या, "हात जरा सैल सोडा."

वर्गात हशा पिकला. सांगाडा लोखंडी दांडीला लटकलेला. यापेक्षा सैल तो बिचारा आणखी काय सोडणार? मुलांनी त्याचं नाव दादासाहेब ठेवलं होतं, कारण वर्गात वेळेवर हजर असणारा आणि मध्येच चहाला न पळणारा तो एकटाच होता. काकूही पोटभर हसल्या आणि दादासाहेबांचं माप वहीत लिहून मोकळ्या झाल्या.

तीस वर्षं त्यांनी शिवणकाम केलं. मग दुकान सुनेच्या हाती दिलं, सगळ्यांनी "आता आराम करा" म्हटलं आणि दोन आठवड्यांत तो आराम त्यांच्या अंगावर आला. एक दिवस कलाशाळेच्या फाटकावरची पाटी त्यांनी वाचली. चित्र आणि शिल्पासाठी मानवी शरीराचा अभ्यास, वयाची अट नाही. त्या सरळ आत शिरल्या. "जन्मभर माणसं झाकली," त्यांनी घरी जाहीर केलं, "आता आत काय असतं ते बघते." पहिल्या दिवशी त्या गळ्यात टेप अडकवूनच वर्गात आल्या. विशीतल्या मुलांनी तिथल्या तिथे त्यांचं बारसं उरकलं.

वर्ष संपत आलं होतं. बारा जणांपैकी सहाच जणांना पुढच्या वर्गात, म्हणजे पुरुषभर उंचीचे पुतळे करायच्या वर्गात जागा मिळणार होती. त्यासाठी प्रत्येकाने मातीत हातभर उंचीचा एक माणूस करायचा होता, समोर उभ्या असलेल्या खऱ्या माणसावरून. काकूंना ती जागा हवी होती. मुलाच्या लग्नाच्या वेळी सून कशी निघते या काळजीनेसुद्धा त्यांचा जीव इतका टांगणीला लागला नव्हता.

चौथऱ्यावर कलाशाळेचे माळीबुवा अर्ध्या चड्डीवर उभे होते. बागेला पाणी घालून झालं की ते वर्गासाठी उभे राहत आणि उभ्याउभ्या डुलक्या काढत. सर एकेकाचं काम बघत काकूंच्या टेबलाशी आले आणि थांबले.

"बाई, हा कुठे निघालाय?"

"कोण?"

"हा तुमचा माळी. लग्नाला निघालाय का?"

काकूंनी आधी मातीकडे पाहिलं, मग चौथऱ्याकडे. चौथऱ्यावरच्या बुवांना पोक होतं, कंबर एका अंगाला कललेली होती आणि डावा गुडघा आपल्याच मर्जीने बाहेर पडला होता. मातीतले बुवा मात्र ताठ होते. पाठ सरळ, खांदे एका ओळीत, गुडघे शेजारी शेजारी.

माळीबुवा जागे होऊन खाली उतरले. त्यांनी स्वतःला चहूबाजूंनी न्याहाळलं.

"साहेब, हा मला द्या. बायकोला दाखवतो. म्हणावं, बघ, तुझं नशीब थोडक्यात हुकलं."

मुलं हसून हसून बेजार झाली. सर मात्र काकूंच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही माणूस बघता, पण बघता बघता त्याला दुरुस्त करता."

काकूंना ते लागलं, कारण ते शंभर टक्के खरं होतं. पोक असेल तर पाठ इंचभर लांब कापायची, पोट असेल तर पुढचा घेर वाढवायचा, एक खांदा उतरता असेल तर आत पॅड घालायचं. गिऱ्हाईक आरशात सरळ दिसलं पाहिजे. या एका गोष्टीवर त्यांनी नाव कमावलं होतं, आणि इथे तीच आडवी आली होती.

"दहा दिवस आहेत," सर म्हणाले. "दुसरा करा. ज्याचं अंग तुम्हाला पाठ आहे असा माणूस धरा. आणि टेप घरी ठेवून या."

अंग पाठ असलेला माणूस धरायला लांब जायची गरज नव्हती. तो घरी खिडकीत बसून पेपर वाचत होता. चार वर्षांपूर्वी पोस्टातून निवृत्त झालेला, पस्तीस वर्षं दारोदार पत्रं वाटलेला, आणि बायकोच्या नव्या शिक्षणाची चेष्टा करण्याची एकही संधी न सोडणारा.

"शर्ट काढा," काकू म्हणाल्या.

"या वयात?"

"खोक्यावर उभं राहायचंय. परीक्षा आहे माझी."

"आणि शर्ट माझा!" असं म्हणत ते उठले. पडदे ओढून घेतले, लाकडी खोक्यावर चढले आणि दीर्घ श्वास घेऊन त्यांनी पोट आत ओढलं.

"पोट सोडा."

"सोडलं तर दिसेल."

"दिसू दे. सरांनी खरा माणूस मागितलाय."

"मग सरांनाच उभं कर की."

पण उभे राहिले. काकूंनी तारेच्या सांगाड्यावर माती चढवायला घेतली. टेपची गरजच नव्हती. छाती अडतीस, खांदा सतरा, डावा खांदा पाऊण इंच उतरता. लग्नानंतर महिन्याभरातच त्यांनी नवऱ्याला पहिला शर्ट शिवला होता, तेव्हा डावी बाजू खाली ओघळलेली त्यांना दिसली होती. त्या दिवसापासून आजवरच्या प्रत्येक शर्टात डाव्या खांद्याखाली कापडाचं पाऊण इंचाचं पॅड होतं. शेजारपाजारचे म्हणत, पोस्टमनचा शर्ट काय बसतो! त्या शब्दांचा काकूंना बत्तीस वर्षं अभिमान होता.

या वेळी मात्र त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं होतं, काही दुरुस्त करायचं नाही. डावा खांदा उतरता आहे ना, मग उतरताच करायचा. पाच दिवस त्या खपल्या. रोज सकाळी दोन तास पोस्टमन खोक्यावर आणि काकू मातीत. सहाव्या दिवशी ते खाली उतरले, चष्मा लावला आणि स्वतःकडे बघून गंभीर झाले.

"मला काय झालंय यात?"

"म्हणजे?"

"दवाखान्यातून आत्ताच सोडल्यासारखा दिसतोय. भेटायला येताना लोक फळं घेऊन येतील."

काकू चिडल्या, पण त्यांनाही ते दिसत होतं. मातीतला माणूस एका बाजूने खचला होता. मापात काही चूक नव्हती, तरी तो त्यांचा नवरा नव्हता. त्यांचा नवरा कधी खचलेला नव्हताच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मूर्ती ओल्या फडक्यात गुंडाळून वर्गात नेली. सरांनी फडकं काढलं आणि बराच वेळ खांद्यांकडेच बघत राहिले.

"हा डावा खांदा उतरता आहे, हे कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? बत्तीस वर्षांचं माप आहे."

"माप फरक सांगतं. चूक कोणत्या बाजूची, ते सांगत नाही." सर उठले आणि दादासाहेबांपाशी गेले. गळ्याखालच्या आडव्या हाडावर त्यांनी बोट ठेवलं. "याचं हे टोक छातीला बांधलेलं, ते हलत नाही. बाहेरचं टोक मोकळं, ते खांद्याबरोबर वर जातं नाहीतर खाली. घरी जा आणि दोन्ही बाजूंना बोट फिरवून बघा. मग मानेपासून खांद्यापर्यंतचं मांस दाबून बघा. आकडे विसरा."

घरी पोस्टमन खोक्यावर चढायच्या तयारीतच होते. काकूंनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि मागे उभ्या राहिल्या. दोन्ही हातांची बोटं गळ्याच्या खळीजवळ ठेवून त्यांनी बाहेरच्या बाजूला फिरवायला सुरुवात केली.

"अगं, गुदगुल्या होतात!"

"गप्प बसा जरा."

डाव्या बाजूचं हाड दादासाहेबांच्या हाडासारखंच निघालं, जवळजवळ आडवं. काकूंनी पुन्हा बोट फिरवलं. तसंच. उजव्या बाजूचं हाड मात्र बोटाखाली चढत गेलं, थेट खांद्याच्या टोकापर्यंत. मग त्यांनी मानेजवळचं मांस दाबलं. डावीकडे बोट सहज रुतलं. उजवीकडे रुतेना. तिथे सगळं घट्ट ताणलेलं होतं.

डावा खांदा उतरलेला नव्हताच. उजवा वर उचललेला होता.

"तुमची बॅग कुठल्या खांद्यावर असायची?" त्यांना ठाऊक होतं, तरी त्यांनी विचारलं.

"उजव्या. का?"

"पट्टा घसरत नसे?"

"घसरायचा की. चामड्याचा पट्टा तो. पहिल्या वर्षी दर दहा पावलांना खाली यायचा. मग थोडा खांदा उचलून धरायचा, की राहतो. नंतर ते ध्यानातही येत नाही."

"आता सोडा."

"काय सोडू?"

"खांदा."

"सोडलेलाच आहे."

त्यांना तसंच वाटत होतं. काकूंनी तळहात त्या खांद्यावर ठेवला आणि तीस वर्षं गिऱ्हाइकांना म्हटलेलं वाक्य पुन्हा म्हटलं, पण कधी म्हटलं नव्हतं इतकं सावकाश. "हात जरा सैल सोडा." आणि वाट बघितली. बराच वेळ काही झालं नाही. मग हाताखाली काहीतरी हललं, आणि खांदा थोडाथोडा करत खाली आला. पाऊण इंच.

"अरेच्चा!" पोस्टमन म्हणाले. "हलकं वाटलं."

इतक्यात खालून कुणीतरी हाक मारली. "आलो!" म्हणत ते खिडकीकडे निघाले आणि दुसऱ्याच पावलाला खांदा होता तिथे वर गेला.

काकू खुर्चीला धरून उभ्या राहिल्या. त्यांना हसू आलं आणि डोळेही भरून आले. बॅग पोस्टात जमा करून चार वर्षं झाली होती, आणि हा माणूस ती अजून धरून होता. जेवताना, पेपर वाचताना, झोपेत कूस बदलतानासुद्धा. आणि आपण इतकी वर्षं काय केलं? तर दुसरा खांदा पॅडने उंच करून या उचललेल्या खांद्याच्या बरोबरीला आणत बसलो. त्यांना नवऱ्याची इतकी माया आली की त्यांनी पदराने डोळे पुसले आणि लगेच ओरडल्या, "गप्पा पुरे! खोक्यावर या!"

"आता सरळ उभा राहू का? जमेल मला."

"नको. बॅगेसकट उभे राहा."

उरलेल्या तीन दिवसांत त्यांनी डाव्या खांद्यावर माती चढवून तो जागेवर आणला. मग उजवा उचलला, मान किंचित डावीकडे कलवली आणि पोटाला हात लावला नाही.

निकालाच्या दिवशी बारा मूर्ती एका लांब टेबलावर मांडल्या होत्या. गळ्यात टेप नसल्यामुळे काकूंच्या हातांना काय करावं ते सुचत नव्हतं. सर हात मागे बांधून फिरत होते. त्यांच्या आधी माळीबुवाच काकूंच्या मूर्तीपाशी पोचले.

"याच्या खांद्यावर काहीतरी आहे," ते म्हणाले.

"कुठे काय बुवा? रिकामा तर आहे," एक मुलगी म्हणाली.

"आहे ना. पडू नये म्हणून धरलंय त्याने."

सर मागेच उभे होते. त्यांनी बुवांचं ऐकलं, मूर्तीभोवती एक फेरी मारली, मग ओलं फडकं पिळून मूर्तीवर घातलं आणि ती उचलून खिडकीजवळच्या फळीवर नेऊन ठेवली. निवडलेल्या चार मूर्ती त्यांनी आधीच त्या फळीवर नेल्या होत्या. ही पाचवी.

"बाई," ते परत येताना म्हणाले, "उद्यापासून टेप आणलीत तरी चालेल."

त्या संध्याकाळी काकूंनी कपाटातले नवऱ्याचे सगळे शर्ट पलंगावर काढले आणि एकेकाच्या डाव्या खांद्याची शिवण उसवली. पॅडचा छोटा ढीग झाला. पोस्टमनांनी त्यातलं एक उचलून हातात धरलं.

"वाकडा दिसेन की मी."

"दिसा."

त्यांनी उसवलेला शर्ट अंगात घातला, आरशात पाहिलं, मान डोलवली आणि भाजी आणायला निघाले. दाराशी अडकवलेली कापडी पिशवी सवयीने उजव्या खांद्यावर गेली.

"डाव्या," काकू आतून म्हणाल्या.

"तिथे राहत नाही ती."

"राहील. शिकेल."

पोस्टमनांनी पिशवी डाव्या खांद्यावर घेतली. जिन्याच्या पहिल्याच पायरीवर ती घसरून कोपरात आली आणि ते मोठ्याने हसले. काकू खिडकीत जाऊन उभ्या राहिल्या. रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत पिशवी तीन वेळा घसरली. तिन्ही वेळा ते थांबले, आणि तिन्ही वेळा त्यांनी ती पुन्हा डाव्याच खांद्यावर घेतली.