राजेश्रीला झालंय तरी काय?

"राजेश्री, तुझा झंपर वला झालाय बग," कमलबाई हळूच म्हणाल्या.

राजेश्रीनं खाली पाहिलं. पातेलं उतरवताना पाणी सांडलं असेल, असं वाटून तिनं पदर ओढून घेतला आणि ती ताटल्या मांडायला लागली. पेडगावच्या अंगणवाडीत ती मदतनीस होती, कमलबाई सेविका. मुलांना खिचडी वाढून होईपर्यंत ओल पुन्हा पसरली. मागच्या खोलीत जाऊन तिनं पाहिलं, तर ते पाणी नव्हतं. दूध होतं.

लग्नाला दहा-अकरा वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं.

"पाळी कवा आल्ती?" कमलबाईंनी दार लोटून विचारलं.

"दिवाळीच्या आधी. माजी पाळी तशी लय वर्सांपासून मागं-पुढंच असती, बाई."

"अगं, मग!" कमलबाई हसल्या आणि त्यांनी तिचा हात धरला.

आशाताईकडून दिवस गेलेत का ते तपासायची काडी आणली. काडीवर एकच रेघ उमटली. दुसरी काडी आणली, तिच्यावरही एकच. पण तोवर बातमी घरी पोचली होती.

"काडीला काय कळतंय?" सासू धुरपताबाई म्हणाली. "अंगावर दूध आलंय, ते काय खोटं बोलायलंय व्हय?" तिनं सुनेच्या हातातला झाडू काढून घेतला. डिंकाचे लाडू केले. राजेश्रीला ते गोड लागले. सासूच्या तोंडून "बस जरा" हे शब्द तिनं कधी ऐकले नव्हते.

नवरा महारुद्र माल वाहायचा टेम्पो चालवायचा. परभणीला सोनोग्राफीला नेताना त्यानं रस्त्यातला एकेक खड्डा चुकवला.

"पोटात बाळ नाही," डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले.

"मग दूध कामून यायलंय?" महारुद्रनं विचारलं.

"येतं कधीकधी. टेन्शन घेऊ नका."

परत येताना महारुद्रनं एकही खड्डा चुकवला नाही. राजेश्री खिडकीची कड धरून बसली होती. तिला रडू येत नव्हतं. नक्की कशासाठी रडायचं, हेच तिला कळेना.

गावात बोलणी सुरू झाली. कुणी म्हणालं, पोटातलं पडलं असंल, सांगत न्हाईत. कुणी म्हणालं, बाहेरचं कायतरी हाय. धुरपताबाईनं लाडवांचा डबा फळीवर चढवला आणि ती सुनेशी कामापुरतंच बोलायला लागली. राजेश्रीला लोकांच्या बोलण्याचं तितकंसं वाटत नव्हतं. स्वतःला काय सांगावं, हे तिला सुचत नव्हतं. छाती म्हणत होती, तू आई आहेस. पोट म्हणत होतं, नाहीस. अंघोळ करताना ती स्वतःच्या अंगाकडे परक्या बाईसारखी बघत राहायची.

शहरातल्या दुसऱ्या एका दवाखान्यात गेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी पिशवीला सूज असल्याचं सांगितलं. पाळीचा घोळ त्यामुळंच आहे, पिशवी काढून टाकली की कटकट संपेल, असं म्हणाले. सोमवारी ऑपरेशन ठरलं. निदान आजाराला नाव मिळालं, म्हणून महारुद्रला बरं वाटलं. पिशवी गेल्यावर काय उरेल, हे राजेश्रीनं विचारलं नाही.

तिचं कपाळही वर्षभर दुखत होतं, पण ते कुणी विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. डोकं कुणाचं दुखत नाही? दुकानातून गोळी आणायची, घ्यायची आणि कामाला लागायचं. खांदा दाराच्या चौकटीवर आपटायचा, तेव्हा ती स्वतःलाच वेंधळी म्हणायची.

शुक्रवारी ती खिचडीचं पातेलं घेऊन निघाली आणि राजनंदिनी नावाची लहान पोर बाजूनं पळत येऊन तिच्या पायात आली. पातेलं कलंडलं. पोरगी वाचली, पण तिच्या पावलावर चटका बसला. तिचं रडणं ऐकून तिची आई धावत आली आणि तोंडाला येईल ते बोलली.

पोरीच्या पायावर पाणी ओतून, मलम लावून तिला घरी पाठवल्यावर कमलबाई राजेश्रीवर भडकल्या. "येवढं लाल फराक घातलेली पोरगी तुला दिसली न्हाई का?"

"ती म्होरून आली न्हाई ना, बाई."

"बाजूनं आल्ती की!"

राजेश्री गोंधळून म्हणाली, "बाजूचं मला दिसतच न्हाई आताशा. मला वाटलं, चष्मा लागला असंल."

कमलबाईंचा राग उतरला. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः तिला परभणीच्या सरकारी दवाखान्यात डोळे दाखवायला घेऊन गेल्या. डॉक्टरीण तरुण होती. तिनं राजेश्रीला आपल्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि दोन्ही हात बाजूला पसरून बोटं हलवली.

"बोटं दिसतात?"

"कोणती बोटं?"

डॉक्टरीण हात हळूहळू आत आणत गेली. बरंच आत आल्यावर राजेश्री म्हणाली, "आता दिसायलीत."

डॉक्टरणीनं विचारलं, "डोकं दुखतं?"

"लय."

"पाळी वेळेवर येते?"

डोळ्यांच्या डॉक्टरला पाळीशी काय करायचं, ते राजेश्रीला समजेना. "न्हाई," ती म्हणाली.

"मूल नसताना छातीतून दूध येतं का?"

राजेश्रीनं वळून कमलबाईंकडे पाहिलं. कमलबाईंनी नकारार्थी मान हलवली. त्यांनी डॉक्टरणीला दुधाचं काही सांगितलं नव्हतं. तेव्हा राजेश्रीला रडू फुटलं, आणि आवरेना.

डॉक्टरणीनं तिला पाणी दिलं. म्हणाली, "मेंदूच्या खाली, नाकाच्या मागच्या बाजूला वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. पिट्युटरी म्हणतात तिला. पाळी कधी यावी, दूध कधी यावं, हे तिच्या हुकमानं चालतं. तिच्यात गाठ झाली असावी. म्हणून नको त्या वेळी दूध येतंय आणि पाळी थांबलीय. गाठ वाढून डोळ्यांच्या नसा दाबतेय, त्यामुळं बाजूचं दिसत नाही."

"क्यान्सर हाय का?"

"अशा गाठी बहुतेक कॅन्सरच्या नसतात. रक्त तपासून आणि डोक्याचा एमआरआय करून नक्की कळेल. दूध आणणाऱ्या गाठीला पुष्कळदा गोळ्याच पुरतात."

"सोमवारी पिशवी काढायचीय माजी."

"ते थांबवा. आधी नांदेडला जा, मी चिठ्ठी देते. उशीर केला तर नजर जाईल."

घरी कुणाच्याच गळी हे उतरेना.

"दूध छातीत, अन् गाठ डोस्क्यात?" महारुद्र वैतागला. "तिघं डाक्टर तीन तऱ्हेचं सांगायलेत. कुणाचं खरं धरावं मानसानं?"

"डोळ्याच्या डाक्टरला बाईच्या पोटातलं काय कळतंय?" धुरपताबाई म्हणाली.

"मला बी समदं समजलं न्हाई, आत्याबाई," राजेश्री म्हणाली. "पर कुणी न सांगता त्या डाक्टरणीनं दुधाचं वळखलं. मी सोमवारी पिशवी काढायला जात न्हाई."

महारुद्र उठून तिच्या बाजूला जाऊन उभा राहिला. "म्होरं बग," म्हणाला आणि तिच्या कानाजवळ हात हलवला.

"दिसायलं का?"

"काय?"

त्यानं दुसऱ्या बाजूला जाऊन तसंच केलं. ती समोरच्या भिंतीकडे बघत, तो काही बोलेल म्हणून वाट पाहत होती. महारुद्रचा हात खाली आला.

"नांदेडला जाऊ," तो म्हणाला.

नांदेडला मशीनच्या नळकांड्यात ती डोळे मिटून पडली. ठोकल्यासारखे आवाज येत होते. गाठ निघाली, दूध आणणारीच. डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा घ्यायची गोळी दिली. पहिल्या गोळ्यांनी तिला इतकं मळमळलं आणि गरगरलं, की बरं होण्यापेक्षा आजार बरा, असं तिला वाटलं. पण काही आठवड्यांत चौकटी खांद्याला लागेनाशा झाल्या. कपाळ हलकं झालं.

दूधही कमी होत गेलं. एक दिवस तिनं दाबून पाहिलं, तर काहीच आलं नाही. आनंद व्हायला हवा होता. ती न्हाणीत तशीच बसून राहिली. लाडवांच्या त्या दिवसांत तिनं मनात एक नाव ठरवलं होतं. ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, आताही सांगितलं नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, गाठ आकसलीय, मात्र गोळ्या बरीच वर्षं घ्याव्या लागतील. मूल होत नव्हतं, ते बहुधा या गाठीमुळंच. आता पाळी यायला लागलीय, तर पुढं होऊही शकेल, नक्की कुणी सांगू शकत नाही.

घरी आल्यावर महारुद्रनं हे आईला सांगितलं. राजेश्री ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"म्हंजी, इतकी वर्सं हिला आजार व्हता?" धुरपताबाईनं विचारलं.

"हां आई. आजार व्हता."

महारुद्र टेम्पो घेऊन गेला. इतकी वर्षं भावकीत कुणाची ओटी भरायची असली, की मूल नाही म्हणून धुरपताबाई सुनेला स्वयंपाकघरात बसवायची. उपास तर किती करायला लावले, त्याची गणती नव्हती. धुरपताबाई आता राजेश्रीच्या डाव्या हाताच्या दाराशी, चौकटीला टेकून उभी होती. तोंडात पदराचा बोळा कोंबलेला होता आणि खांदे हलत होते. सुनेला बाजूचं दिसत नाही, असंच ती अजून धरून चालली होती.

राजेश्रीला सगळं लख्ख दिसत होतं. तिनं मान वळवली नाही. सासू डोळे पुसून आत जाईपर्यंत ती खाली बघून शेंगा सोलत राहिली.